१२ मार्च: मॉरिशसच्या स्वातंत्र्यदिनाचे फलक (कामाच्या नोंदी)

६ जानेवारी २०२५

वाचनालयाच्या बैठकीत विषय मंजूर झाला. मार्चच्या प्रदर्शनासाठी यंदा मॉरिशस. त्यांचा स्वातंत्र्यदिन १२ मार्चला, म्हणून उद्घाटनही त्याच दिवशी. चौदा फलक, प्रत्येकी दोन बाय तीन फूट, सनबोर्डवर. निम्मा खर्च वाचनालय करणार, निम्मा एक देणगीदार. मजकूर आणि मांडणी माझ्याकडे, शुद्धलेखन वहिनींकडे.

विषय निघाला तो आपल्या जिल्ह्यामुळे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्यांत कोकणातली माणसं बरीच होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, गणपती बसवतात, आणि तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते. एवढं ऐकल्यावर अप्पांनी बैठकीतच नाव ठरवून टाकलं: 'सागरापारचा छोटा भारत'. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते नाव खटकलं, पण हातात काही नसताना वाद घालायचा नाही म्हणून गप्प बसलो. आधी वाचतो, मग बोलतो.

शिमगा विसरून चालणार नाही. यंदा होळी १३ मार्चला आहे. उद्घाटनाच्या दिवशी अर्धं गाव पालखीच्या तयारीत असेल आणि मुंबईकर एसटी भरभरून उतरत असतील. अप्पांच्या मते ही अडचण, माझ्या मते आयते प्रेक्षक.

११ जानेवारी

पहिल्या फलकाचा कच्चा मजकूर झाला. नकाशा आणि चार ठोकळ गोष्टी. सगळी बेटं मिळून देशाचं क्षेत्रफळ सुमारे २०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा जेमतेम चौथा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आपल्या लोकांना आकडा सांगण्यापेक्षा जिल्ह्याचा हिशेब लवकर कळतो, तोच ठळक अक्षरात घेतला.

खरी गोष्ट पुढे आहे. या बेटावर मूळचं कोणीच नव्हतं. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा माणसाची वस्ती नव्हती. डच १७१० मध्ये निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, १८१० मध्ये इंग्रजांनी तो हिसकावला. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८३५ मध्ये गुलामी संपली आणि मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर आणले गेले, साडेचार लाखांच्या घरात. चिनी व्यापारी आले, गुजराती मुसलमान व्यापारी आले. तेव्हा मॉरिशसमध्ये 'भूमिपुत्र' असा दावा करायला कोणालाच जागा नाही. प्रत्येकाचा पूर्वज बोटीतून उतरलेला आहे. फरक इतकाच की कोणी डेकवर खुर्ची टाकून आला आणि कोणी तळघरात साखळीला बांधून.

अशा लोकांनी एक दिवस 'आपला' म्हणून साजरा करायचा, तर तो कसा? प्रदर्शनाचा प्रश्न हा असायला हवा. 'छोटा भारत' म्हटलं की प्रश्नच मरतो.

१९ जानेवारी

आज १९६७ आणि १९६८ वाचून काढलं. दुपारभर दुसरं काही सुचलं नाही.

आपण गृहीत धरतो की स्वातंत्र्य म्हटलं की सगळा देश रस्त्यावर नाचणार. मॉरिशसमध्ये ७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक स्वातंत्र्य हवं की नको याच मुद्द्यावर झाली. शिवसागर रामगुलाम यांच्या मजूर पक्षाची आघाडी स्वातंत्र्याच्या बाजूने, गाएताँ द्युवाल यांचा पक्ष ब्रिटनशी जोडून राहण्याच्या बाजूने. आघाडीला सुमारे ५५ टक्के मतं, विरोधकांना सुमारे ४४. जागा ३९ आणि २३. म्हणजे दर पाच मतदारांतले दोघं तरी नको म्हणत होते. हिंदू बहुमताच्या राज्यात आपलं काय होईल, ही भीती क्रिओल (बहुतेक आफ्रिकी गुलामांचे वंशज), फ्रेंच वंशाचे, चिनी आणि काही मुसलमान मतदारांत होती.

आणि मग जानेवारी १९६८. स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना राजधानी पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान टोळ्यांत दंगल पेटली. पंचविसेक माणसं मेली, शेकडो कुटुंबं एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेली, आणीबाणी लागली आणि ब्रिटिश सैनिक सिंगापूरहून विमानाने आणावे लागले. समारंभाला राणीच्या वतीने राजकन्या अलेक्झांड्रा येणार होत्या, त्यांचा दौरा रद्द झाला.

या पार्श्वभूमीवर १२ मार्चच्या दुपारी बारा वाजता पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर युनियन जॅक उतरला आणि चार रंगांचा झेंडा चढला. गव्हर्नर सर जॉन शॉ रेनी आणि रामगुलाम शेजारी उभे. मैदान भरलेलं होतं, हे छायाचित्रांत दिसतं. घरी बसलेले छायाचित्रांत येत नाहीत.

तेव्हा फलक ४ आणि ५ असे करायचे: डावीकडे मैदान, उजवीकडे जानेवारीतलं पोर्ट लुई. दोन्ही सारख्याच आकाराचे.

२४ जानेवारी

अप्पांचा फोन. मसुदा वाचून नाराज होते. "अरे, सणाचं प्रदर्शन आहे, त्यात दंगल कशाला? पोरं बघायला येणार." देणगीदारांचंही तेच म्हणणं असल्याचं कळलं. मी म्हटलं, १९४७ चा फलक केला असता तर फाळणी वगळली असती का? थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, बघू. अप्पांचं 'बघू' म्हणजे नकार नसतो, हे मला इतक्या वर्षांत कळलंय.

एक मात्र त्यांचं बरोबर होतं. मजकूर कोरडा झालाय. दंगल मग स्वातंत्र्य, एवढ्यावर सोडलं तर पुढची गंमत लोकांना कळणारच नाही. म्हणून फलक ६ वाढवला. स्वातंत्र्याला विरोध करणारे द्युवाल १९६९ मध्ये रामगुलामांच्याच सरकारात गेले आणि त्या नको असलेल्या देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. राजकारण म्हणून त्यावर हसता येईल, निवडणूक पुढे ढकलण्याचा सौदा म्हणून टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. पण १२ मार्चच्या व्यासपीठावर दोन्ही बाजूंचे लोक बसू लागले ते अशाच व्यवहारांतून.

त्याच फलकावर अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड. त्यांनी १९६१ च्या अहवालात या बेटाच्या शांततामय भवितव्याबद्दल फार निराश सूर लावला होता. लोकसंख्या वाढतेय, निर्यात जवळजवळ सगळी साखरेची. पुढे मीडना नोबेल मिळालं आणि मॉरिशसने कपड्याचे कारखाने, पर्यटन, बँका उभ्या करून त्यांचं भाकीत खोटं पाडलं. शाळकरी पोरांना हा किस्सा आवडेल. नोबेलवाला चुकला म्हटलं की पोरं खूश होतात.

२६ जानेवारी

सकाळी शाळेत झेंडावंदनाला गेलो. परत येताना तारखांचा विचार डोक्यात होता.

आपला २६ जानेवारी निवडला गेला १९३० च्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेवरून. मॉरिशसचा १२ मार्च निवडला गेला दांडीयात्रेवरून, आणि ती यात्रा साबरमतीहून निघाली १२ मार्च १९३० ला. दोन्ही तारखा एकाच वर्षातल्या, दीड महिन्याच्या अंतराने. मॉरिशसने १९९२ मध्ये प्रजासत्ताक होतानाही तीच तारीख धरली, त्यामुळे त्यांचं १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी एकाच दिवशी येतं. राणीच्या नावाने कारभार बघणारे शेवटचे गव्हर्नर जनरल सर वीरासामी रिंगाडू हेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना मॉरिशसला उतरले होते, मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला असं तिथल्या भारतीयांना सांगून गेले. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तिथं पोचले आणि मजुरांचे खटले लढवू लागले. हे सगळं फलक ३ वर.

आता खरं सांगायचं तर दांडीची तारीख निवडणं हा भारताकडे झुकलेला निर्णय होता. क्रिओल माणसाचा दांडीशी काय संबंध? हा प्रश्न फलकावर लिहिणार आहे. आपल्या प्रेक्षकांना थोडं टोचेल, टोचू दे.

१ फेब्रुवारी

मॉरिशसमध्ये आज सुटी. १८३५ मध्ये याच दिवशी गुलामी संपली. २ नोव्हेंबरलाही सुटी असते, मजुरांच्या आगमनाची. गुलामांची आठवण ल मॉर्न डोंगरापाशी जागवतात, कारण पळालेले गुलाम तिथल्या कड्यांत लपून राहत. मजुरांची आठवण पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, जिथं बोटीतून उतरवून त्यांची नोंद व्हायची. दोन्ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, घाट २००६ पासून आणि ल मॉर्न २००८ पासून.

२६ जानेवारीला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथं थोडं सापडतं. १२ मार्च सगळ्यांचा व्हायचा असेल तर १ फेब्रुवारीला आणि २ नोव्हेंबरला आपापलं दुःख मांडायला जागा हवी. तीन तारखांचा एकच आडवा फलक करायचा. वर्षाच्या पट्टीवर तीन खुणा, मधली मोठी.

९ फेब्रुवारी

आज व्हिडिओ कॉल झाला. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावातल्या निवृत्त शिक्षिका, शाळेत मराठी शिकवायच्या. ओळख एका पुण्याच्या प्राध्यापकांमार्फत. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला सर म्हणतात, हे मला जरा जड जातं. मराठी छान बोलतात, पुस्तकी वळणाची. मध्येच नातू आला तेव्हा क्षणात क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून झालेली रोजची बोली, सुरू झाली. घरात क्रिओल, वर्तमानपत्र फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी, देवघरात मराठी आरती. त्यांना यात काही अवघड वाटत नाही, अवघड आम्हाला वाटतं.

आडनावाचं विचारलं. मजुराची नोंद करताना कारकून त्याचं नाव लिहून घ्यायचा आणि पुढे तेच घराण्याचं आडनाव व्हायचं. त्यामुळे आपल्याकडे जी हाक मारायची नावं, ती तिथं आडनावं आहेत. त्यांच्या आडनावाचा माणूस १८५० च्या आसपास बोटीत चढला, याहून जास्त त्यांना माहीत नाही. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची दप्तरं जपली आहेत, काहींत छायाचित्रंही आहेत. त्यांच्या आजेसासूबाईंचं तिथं सापडलं.

मग १२ मार्च. बाईंचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा. शाळेतलं झेंडावंदन सुटीच्या आधीच उरकतं, कारण १२ ला शाळा बंद. गणवेशात रांगा, हातात कागदी झेंडे, संदेशाचं वाचन, राष्ट्रगीत, आणि मग ज्याची सगळी वाट बघतात तो केक आणि थंड पेय. त्या म्हणाल्या, संदेश एकालाही आठवत नाही, केक सगळ्यांना आठवतो. शिक्षिका झाल्यावर त्यांनी स्वतः शेकडो केक वाटले.

१२ ला सकाळी निम्मा देश समुद्रावर. मोठी पातेली, बिर्याणी किंवा दालपुरी, सोबत मिरचीची भजी, माडांऐवजी सुरूच्या झाडांखाली सतरंज्या. कोणीतरी रावान ही खंजिरी काढतं आणि सेगा हा नाच सुरू होतो. गच्चीवर, गाडीच्या आरशाला, बाळाच्या टोपीला चार रंग. आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी टीव्हीवर पंतप्रधानांचं भाषण, मग शाँ द मार्सचा कार्यक्रम. संचलन, झेंडा, बँड, आणि त्यानंतर नाच. त्या नाचाच्या कार्यक्रमात प्रत्येकाचा एक तुकडा असतो: सेगा, भोजपुरी गीत, तमिळ नाच, चिनी सिंह, कव्वाली, आणि मराठ्यांची झाकरी. आपल्या जाखडीचीच ती पणती. बाई तरुणपणी झाकरीत नाचल्या आहेत, पण टीव्हीवर आल्या नाहीत याची रुखरुख अजून आहे.

मी १९६८ चं विचारलं. वडिलांकडून ऐकलेलं त्यांनी सांगितलं. वडील मळ्याच्या लॉरीत उभं राहून पोर्ट लुईला गेले. आईला नेलं नाही, दंगलीची भीती होती. शेजारचं क्रिओल कुटुंब दिवसभर दार लावून बसलं. त्यांचा थोरला मुलगा पुढे ऑस्ट्रेलियाला निघून गेला, त्या काळात असे बरेच गेले. धाकटा राहिला, आणि त्याची मुलगी बाईंच्या वर्गात होती, झेंडा धरून.

शेवटी 'छोटा भारत' या नावाबद्दल मुद्दाम विचारलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, चांगलं आहे, पण मग त्या शेजाऱ्यांना कुठल्या फलकावर ठेवणार?

अप्पांना हे वाक्य जसंच्या तसं कळवलं. नाव बदलायला तयार झाले. नवीन नाव: 'चार पट्ट्यांचा दिवस'.

१५ फेब्रुवारी

राष्ट्रगीताचा फलक. शब्द जाँ-जॉर्ज प्रॉस्पेर यांचे, चाल पोलीस बँडमधले फिलिप झाँती यांची. भाषा इंग्रजी. बहुतेक मुलं ज्या भाषेत रडतात-भांडतात ती क्रिओल, आणि गाणं इंग्रजीत. घटनेत राजभाषा म्हणून कोणत्याच भाषेचं नाव नाही, विधिमंडळाची भाषा इंग्रजी आणि फ्रेंचमध्येही बोलायची मुभा, एवढंच आहे.

हे कोणाला खटकलं नाही असं नाही. १९८२ मध्ये डाव्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. पुढच्याच वर्षी, १२ मार्च १९८३ ला, सरकारी टीव्हीवर राष्ट्रगीत क्रिओलमध्ये ऐकवलं गेलं. कागदावर अगदी साधी गोष्ट, बहुसंख्यांची भाषा. पण भोजपुरी, हिंदी, उर्दू, तमिळ अशा पूर्वजांच्या भाषा जपणाऱ्यांना ते एका गटाचं वर्चस्व वाटलं. सरकारात पैशाच्या धोरणावरून आधीच धुसफूस होती. त्याच महिन्यात अर्थमंत्री पॉल बेराँजे आणि त्यांचे बरेच सहकारी मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि साठपैकी साठवालं सरकार कोसळलं.

वहिनी म्हणाल्या, म्हणजे इंग्रजी टिकली ती कोणाचीच नाही म्हणून. तसंच आहे. कोणालाच फार प्रिय नसलेली भाषा सगळ्यांना चालते. आपल्याकडेही महामंडळांच्या बैठकांत हे घडताना बघितलंय.

क्रिओल २०१२ मध्ये प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली, मराठी-तमिळ-उर्दूच्याच रांगेत. राष्ट्रगीत अजून इंग्रजीत आहे.

२० फेब्रुवारी

झेंड्याचा फलक छापून आला आणि परत पाठवला. छपाईवाल्याच्या पोराने 'उठाव दिसत नाही' म्हणून पिवळा वर आणि लाल खाली केला होता. वरून खाली लाल, निळा, पिवळा, हिरवा, हा क्रम त्याच्याकडून तोंडपाठ करून घेतला. लाल स्वातंत्र्याच्या लढ्याचा, निळा हिंदी महासागराचा, पिवळा स्वातंत्र्याच्या प्रकाशाचा, हिरवा शेतीचा. चारही पट्ट्या सारख्या रुंदीच्या.

रचनाकाराचं नाव खाली घातलं: गुरुदत्त मोहेर, प्राथमिक शिक्षक. सरकारने त्यांना झेंड्याचे रचनाकार म्हणून मान्यता दिली ती २०१८ मध्ये, पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या वेळी, त्यांच्या मृत्यूनंतर.

अर्थ सरकारी आहेत. लोक आपापले अर्थ लावतात, चार रंग म्हणजे चार समाज असाही एक. घटनेतच चार समाजांची वाटणी लिहिलेली आहे: हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले सगळे 'सामान्य लोकसंख्या'. निवडणुकीत कमी पडलेल्या समाजाला आठ जादा जागा देण्यासाठी ती वाटणी वापरतात, आणि हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर समाज विचारणं बंद केलं. एक राष्ट्र म्हणून झेंडा फडकवायचा आणि उमेदवारी अर्जावर मात्र समाज लिहायचा. यावर स्वतंत्र फलक केला असता, पण जागा नाही. झेंड्याखाली चार ओळीत बसवलं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. ग्राँ बासँच्या तळ्यावर आज लाखोंची पायी यात्रा. बाईंनी फोटो पाठवले. वाटेवर सरबत वाटणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे शेजारी असतात म्हणाल्या. स्वातंत्र्यदिनाच्या विषयात बसत नाही, वापरणार नाही.

४ मार्च

सेगाचा फलक आणि रॉड्रिग्जचा फलक एकदम संपवले.

सेगा गुलामांचा नाच. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची मोठी चपटी खंजिरी, वाजवण्याआधी विस्तवावर शेकून घ्यावी लागते, नाहीतर आवाज उठत नाही. आपल्याकडे डफ शेकतात तसंच, त्यामुळे शिमग्याला आलेल्या पोरांना समजवायला सोपं. पूर्वी मळेवाल्यांच्या लेखी हा असभ्य प्रकार होता. आता शाँ द मार्सवर पाहुण्यांसमोर नाचतात. युनेस्कोच्या यादीत सेगा २०१४ मध्ये गेला, भोजपुरी गीत-गवई २०१६ मध्ये. तिथंही पाळीपाळीने, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

सेगा आणि रेगे मिसळून 'सेगे' करणारा गायक काया २१ फेब्रुवारी १९९९ ला पोलीस कोठडीत मेला आणि देश पुन्हा पेटला. राष्ट्राध्यक्ष कासम उतीम वस्त्यांमधून फिरून लोकांना शांत करत होते. त्या वर्षीचा १२ मार्च तीन आठवड्यांवर होता. काया फलकावर हवाच, एकतिसाव्या वर्षी झेंडा चढवणाऱ्यांना पुन्हा १९६८ आठवलं असणार.

रॉड्रिग्ज हे पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवरचं छोटं बेट, वस्ती बहुतेक क्रिओल आणि कॅथलिक. १९६७ मध्ये तिथल्या जवळजवळ सगळ्या मतदारांनी स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलं. २००२ मध्ये त्यांना स्वायत्तता मिळाली, स्वतःची विधानसभा आली. आज तिथल्या पोर्ट मॅथुरिन या मुख्य गावातही १२ मार्चचा झेंडा चढतो.

८ मार्च

पंतप्रधान मोदी यंदा १२ मार्चला मॉरिशसचे प्रमुख पाहुणे. बातमी येताच अप्पांचा उत्साह दुप्पट आणि देणगीदारांचा तिप्पट. दाराशीच मोठा फोटो हवा. समजूत काढली: पाहुण्यांचा एक फलक करू, त्यात २०१५ चे मोदी, २०१८ चे रामनाथ कोविंद, २०२४ च्या द्रौपदी मुर्मू आणि यंदाचे पुन्हा मोदी. हवा तेवढा मोठा करा, पण तेराव्या क्रमांकावर. दाराशी बाईंनी पाठवलेला शाळेच्या रांगेचा फोटो, मुलांचे चेहरे ओळखू येणार नाहीत असा.

भारताचा पाहुणा इतक्यांदा का, हेही एका ओळीत लिहिलं. मॉरिशसकडे लष्कर नाही. पोलीस, विशेष दल आणि तटरक्षक यांवर काम चालतं, आणि हेलिकॉप्टर, विमानं, गस्ती नौका यांत भारताचा मोठा हात आहे. नात्याच्या गोष्टी खऱ्याच, पण समुद्राचं राजकारणही आहे.

११ मार्च

फलक टांगले. हॉलच्या एका भिंतीला खिळा लागत नाही, तिथं स्टँड मागवावे लागले. फलक १४ चागोसचा. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला. तिथल्या लोकांना १९६८ ते १९७३ या काळात हाकललं आणि त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो तोडणं बेकायदा असल्याचं मत दिलं. २०२२ च्या फेब्रुवारीत मॉरिशसने पेरोस बान्योस बेटावर आपला झेंडा रोवला. गेल्या ऑक्टोबरात तत्त्वतः समझोता जाहीर झालाय, करार व्हायचाय. तळाशी दोन इंच पट्टी कोरी ठेवायला सांगितली.

१२ मार्च

उद्घाटन झालं. हॉल भरला, शिमग्याला आलेले मुंबईकर निम्मे. प्रोजेक्टरवर शाँ द मार्सचं थेट प्रक्षेपण लावलं. ते मैदान १८१२ पासून घोड्यांच्या शर्यतीचं आहे, त्याआधी फ्रेंच सैनिकांच्या कवायतीचं. पडद्यावर भारतीय नौदलाची तुकडी चालत गेली तेव्हा टाळ्या पडल्या. मग नाच सुरू झाले आणि टाळ्या वाढल्या. पंतप्रधान नवीन रामगुलाम दिसले तेव्हा पोरांना सांगितलं, फलक ४ वर उभे आहेत ना, त्यांचा मुलगा.

दंगलीच्या फलकापाशी गर्दी सगळ्यात जास्त थांबली. अप्पांनी ते पाहिलं, बोलले काही नाहीत. चहाच्या वेळी मात्र त्यांनीच पाहुण्यांना तो फलक हाताने दाखवून समजावला, अगदी आपणच सुचवल्यासारखा.

१६ मार्च

अभिप्राय वहीत बरंच 'छान', 'सुंदर', 'माहितीपूर्ण'. एका कॉलेजच्या मुलीने लिहिलंय की केक वाटतात हे सगळ्यात आवडलं, आपल्याकडे जिलबी असते. एका गृहस्थांचा आक्षेप: मराठी माणसावर एकच फलक, बाकी सगळे इतरांवर. उत्तर लिहून वहीत ठेवलं: मॉरिशसमध्ये मराठी समाज लहान आहे, एक फलक प्रमाणापेक्षा जास्तच. छत्रपतींचा पुतळा मोका इथं २०२३ मध्ये उभा राहिला त्याचा फोटो त्या एका फलकावर आहे, तो त्यांनी पाहिलेला दिसत नाही.

बाईंना सगळे फोटो पाठवले. फलक ९ वर त्यांनी एक सुधारणा सुचवली: चिनी सिंहनृत्याच्या फोटोखालचं वर्ष काढून टाका, तो फोटो वसंतोत्सवाचा आहे. काढलं. तो फोटो वेबवरून छपाईवाल्याने घातला होता.

२३ मे

काल चागोसचा करार झाला. सार्वभौमत्व मॉरिशसकडे, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. सकाळी लंडनच्या न्यायालयाने थोडा वेळ रोखला होता, चागोसमध्ये जन्मलेल्या दोन स्त्रियांच्या अर्जावरून. आपल्याला कोणी विचारलंच नाही, हे त्यांचं म्हणणं. नंतर मनाई उठली आणि सह्या झाल्या. संसदेची मंजुरी बाकी आहे.

फलक सध्या हायस्कुलात आहेत. कोऱ्या पट्टीसाठी मजकूर वहिनींना पाठवला: कराराची तारीख, भाडेपट्टा, आणि अर्ज करणाऱ्या स्त्रियांचा आक्षेप, तिन्ही एकाच आकाराच्या अक्षरात. 'मंजुरी बाकी' हे पेन्सिलीने लिहायचं, शाळा जूनमध्ये उघडली की. पुढच्या वर्षी फलक चिपळूणला मागितलेत, त्याआधी झेंड्याच्या फलकाचा कोपरा उचकटलाय तो चिकटवून घ्यायचा.